कर्दळीच्या वाफ्यावर पाणी चढतंय, वास मारतोय: खडी उपसण्याआधी काय काय बघायचं

सोलापूरच्या हद्दवाढ भागात आणि त्यापलीकडच्या शेतवस्त्यांवर, जिथे ड्रेनेजची लाइन पोचलेली नाही, तिथे टाकीतून निघालेलं सांडपाणी साफ करायला सेप्टिक टँकच्या पुढे खडीचा वाफा करून त्यात कर्दळ लावायची पद्धत आता दिसायला लागली आहे. कोणी त्याला रूट झोन म्हणतं, कोणी रीड बेड, कोणी नुसताच कर्दळीचा वाफा. वीज लागत नाही, मोटर लागत नाही आणि बाहेर पडलेलं पाणी नारळाला, शेवग्याला, डाळिंबाला देता येतं. लांबच्या बेटावर सांडपाण्याची जी अडचण असते तीच वस्तीवरही असते: लाइन नाही, विजेचा भरवसा नाही, मैला उपसणारी गाडी हाकेला येत नाही आणि प्यायचं पाणी त्याच जमिनीखालून काढायचं असतं. फरक इतकाच की इथे भोवती समुद्राऐवजी काळी माती.

तक्रार सगळीकडून एकच येते. वर्ष-दोन वर्षं वाफा छान चालतो, मग खडीवर काळं पाणी चढायला लागतं आणि संध्याकाळी अंगणात बसवत नाही इतका वास सुटतो. लगेच दोन गडी लावून खडी उपसली जाते, धुऊन परत भरली जाते आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच. याचं कारण, दोष बहुतेक वेळा वाफ्यात नसतो, वाफ्याच्या अलीकडे असतो: टाकीत, मोरीत, नाहीतर गळक्या फ्लशमध्ये. खडीला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

खालचे आकडे दहा माणसांच्या घराचे धरले आहेत. वाफा २.५ मीटर रुंद, ८ मीटर लांब, म्हणजे २० चौरस मीटर. खडी ६० सेंटिमीटर, त्यात पाणी ५० सेंटिमीटर. मधली खडी १० ते २० एमएमची, दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर ४० ते ६० एमएमचा दगड. तुमचा वाफा लहान-मोठा असेल तर त्या मानाने हिशोब करा.

लक्षणं

- पाणी फक्त आत येणाऱ्या टोकाला खडीवर दिसतं, पुढे खडी कोरडी आहे: तोंडाशी चोंदलंय, किंवा पाइप एकाच जागी पाणी ओततोय.
- पूर्ण वाफ्यावर सारखं पाणी उभं आहे: बाहेर जायची वाट अडलीय. ही सगळ्यात सोपी दुरुस्ती.
- सकाळी आठ ते दहा चढतं, दुपारी उतरतं. किंवा फक्त नळाला पाणी येतं त्या दिवशी चढतं: पाण्याचा भार जास्त आहे, खडी ठीक असू शकते.
- वाफ्याजवळ वास नाही, पण बाथरूममध्ये किंवा गच्चीवर सडक्या अंड्यासारखा वास: वाफ्याचा संबंध नाही.
- खवट, शिळ्या तेलासारखा वास: स्वयंपाकघराकडे बघा.
- बाहेरच्या चेंबरच्या भिंतीवर पांढरे कापसासारखे धागे, पाणी दुधट: आत प्राणवायू संपलाय, गंधकाचा वायू तयार होतोय.
- बाहेर पाणीच येत नाही: मे महिन्यात कमी येणं साहजिक आहे, पण पूर्ण बंद होणं साहजिक नाही.

तीन दिवस वहीत फक्त वेळ आणि पाण्याची पातळी लिहा. एका कोपऱ्यात खडीत चार इंची पाइपचा तुकडा उभा रोवून ठेवला असेल तर त्यात पट्टी घालून पातळी मोजता येते. नसेल तर आजच रोवा. खालच्या निम्म्या भागाला भोकं पाडायची, एवढंच. पुढच्या प्रत्येक तपासणीला हा तुकडा उपयोगी पडतो.

बाहेरचा एल्बो: खर्च शून्य

वाफ्याच्या शेवटच्या चेंबरमध्ये एक एल्बो, म्हणजे पाइपचा काटकोनी जोड, आणि त्यावर उभा पाइप असतो. तो जितका उंच, तितकं वाफ्यात पाणी उंच. रोपं लावताना मुळांना पाणी मिळावं म्हणून तो वर करून ठेवतात आणि दोन-तीन महिन्यांनी खाली करायचं राहूनच जातं. बरोबर पातळी म्हणजे वरची ७ ते १० सेंटिमीटर खडी कायम कोरडी. एवढी कोरडी खडी असली की वास वर येत नाही आणि डासाला अंडी घालायला उघडं पाणीच मिळत नाही.

एल्बो फिरवून एकदम तळाला नेऊ नका. रोज ३-४ सेंटिमीटर उतरवा. एकदम उतरवलं तर साचलेला गाळ पाण्याबरोबर ओढला जाऊन बाहेरचा पाइप तुंबतो. फिरत नसेल तर प्लंबरने सोल्युशन लावून चिकटवला आहे असं समजा. ही चूक फार ठिकाणी सापडते. तो सांधा रबरी रिंगचाच हवा. रिंगला साबणाचं पाणी लावून बसवला की हाताने फिरतो. चिकटवलेला असेल तर कापून नवा एल्बो बसवा, पण सोल्युशनची बाटली त्या दिवशी घरीच राहू द्या.

त्याच चेंबरमध्ये हात घालण्याआधी हातमोजे. पाइपच्या तोंडाशी कर्दळीची पांढरी मुळं झुपक्याने आलेली असतात, कधी शेवाळ, कधी गोगलगायी. मुळं कापून काढा आणि बाहेरच्या टोकापासून ६० सेंटिमीटरपर्यंतचे कर्दळीचे गड्डे उपटून टाका. तिथे मोठा दगड असतो, तो तसाच उघडा राहायला हवा.

पूर्ण वाफ्यावर पाणी उभं असेल तर बऱ्याचदा काम इथेच संपतं.

पाणी जास्त येतंय का

दहा माणसांच्या घरातून साधारण ८०० ते १००० लिटर सांडपाणी रोज निघतं असं धरू. वाफ्यातल्या खडीत सुमारे ४० टक्के पोकळी असते, म्हणजे २० चौरस मीटर, अर्धा मीटर खोल पाणी, त्याचे ४० टक्के: ४००० लिटर. पाणी चार-पाच दिवस आत राहतं आणि तेवढ्या वेळात साफ होतं. रोज २००० लिटर आलं तर दोनच दिवस राहतं. साफही होत नाही आणि तोंडाशी चढतंही.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पाण्याचा दिवस हा घरात धुण्याचाही दिवस. चादरी, पडदे, फरशी, गाड्या, सगळं एकाच सकाळी. त्यात वरच्या टाकीला बॉल कॉक नसेल तर टाकी भरून वाहते आणि ते स्वच्छ पाणी मोरीतून थेट सेप्टिक टँकमध्ये जातं. हे पाणी टाकीतला बसलेला गाळ ढवळून वाफ्यात ढकलतं, म्हणजे नुकसान दुहेरी. बॉल कॉक बसवा आणि ओव्हरफ्लोचा पाइप झाडाकडे वळवा. कपडे धुतल्याचं शेवटचं खळबळायचं पाणी वेगळ्या पाइपने बागेत सोडलं तरी मोठा फरक पडतो. आरओचं वाया जाणारं पाणीही टाकीत सोडायचं काही कारण नाही. त्याने भांडी विसळा, फरशी पुसा.

गळका फ्लश ओळखायला फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद कालवा आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात पिवळं उतरलं तर वॉशर गेला. बोअरच्या जड पाण्याने वॉशरवर पांढरा थर बसतो आणि तो नीट टेकत नाही. तीन मिनिटांत एक लिटर गळलं तर दिवसाला ४८० लिटर होतात, म्हणजे निम्म्या घराचं पाणी. वॉशर बदलायला अर्धा तास लागतो.

पावसाळ्याचं वेगळं. छताचं पाणी किंवा अंगणाचं पाणी वाफ्यात येता कामा नये. वाफ्याची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर वर असायला हवी. वळवाच्या पहिल्या सरीला शेतातली काळी माती चिखल होऊन वाहते आणि कड खाली असेल तर एका पावसात वाफ्यात उतरते. सांडपाण्याचा गाळ वाफ्याला पचवता येतो. माती कुजत नाही, ती बसली की बसलीच.

वास नेमका कुठला

वाफ्याजवळ उकिडवं बसून खडीच्या वितभर वर नाक न्या. ओल्या मातीचा वास आला तर वाफा निर्दोष आहे, शोध घराकडे वळवा.

एप्रिल-मेमध्ये पाहुण्यांच्या बाथरूमचा किंवा गच्चीवरच्या मोरीचा नहाणी ट्रॅप आठ-दहा दिवसांत सुकतो. त्यातलं पाणी हेच वायूला अडवणारं झाकण. ते उडालं की टाकीतला वास सरळ घरात. दोन तांबे पाणी ओता आणि वरून चमचाभर गोडेतेल सोडा. तेलाचा पातळ थर पाणी उडू देत नाही.

टाकीचा वायू बाहेर नेणारा उभा पाइप निदान दोन इंची हवा. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर तो घराच्या छपरापेक्षा २ मीटर वर न्यायचा. छपराखाली संपलेला पाइप म्हणजे वास थेट खिडकीत. वरची जाळी गेली असेल तर आत चिमणीचं घरटं, पानं काहीही सापडू शकतं. जाळी बदला, तीही मच्छरदाणीच्या बारकाव्याची.

आणि चेंबरची झाकणं. फरशीचा तुकडा टाकून झाकलेल्या चेंबरला चहूकडून फटी असतात. कडेला मातीचा गिलावा किंवा रबराची पट्टी पुरते. सिमेंटने पक्की करू नका, पुढच्या वेळी फोडावी लागतात.

ग्रीस ट्रॅप

मटणाच्या रश्शाची तर्री, भज्यांचं तेल, शेंगाचटणीचं तेल: भांड्यांबरोबर जे जातं ते टाकीत थंड होऊन वर तरंगतं. त्यातलं काही पाण्याबरोबर पुढे सरकतं आणि खडीवर मेणासारखं बसतं. खडीचा दगड बोटांत चोळून पाहिला की कळतं: गाळ पाण्याने निघतो, चरबी बोट चिकट करते.

स्वयंपाकघराची लाइन टाकीला मिळण्याआधी ४० ते ५० लिटरचा ग्रीस ट्रॅप (तेल-चरबी अडवणारी छोटी टाकी) असावा, त्याचा बाहेर जाणारा पाइप पाण्याखाली वितभर बुडलेला. वरचा थर दर आठवड्याला झाऱ्याने काढून राखेत किंवा भुश्यात कालवून खड्ड्यात पुरायचा. पंधरा दिवस राहिला की घट्ट होतो, महिना राहिला की ट्रॅप नसल्यात जमा. वसतिगृह, खानावळ किंवा मंगल कार्यालय असेल तर रोज. भांडी घासण्याआधी कागदाने किंवा भाकरीच्या तुकड्याने पुसून घेण्याची सवय ट्रॅपपेक्षाही स्वस्त पडते.

सेप्टिक टँक: इथे वेळ घालवा

वाफा चोंदण्याचं सगळ्यात मोठं कारण भरलेली टाकी. टाकीचं काम एकच: जड गाळ खाली बसवणं, तेलकट थर वर ठेवणं आणि मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पुढे सोडणं. गाळ वाढला की मधली जागा कमी होते, पाणी घाईने जातं आणि गाळ बरोबर नेतं. ‘अजून तुंबली नाही म्हणजे भरली नाही’ हा समज वाफ्याच्या मुळावर येतो. मागे वाफा असलेली टाकी तुंबायच्या कितीतरी आधी उपसावी लागते.

मोजायला लागतं ते सोलापुरात घरोघरी आहे: पांढऱ्या टर्किश टॉवेलची जुनी पट्टी. सात-आठ फुटी बांबूच्या किंवा पाइपच्या टोकाला वरपर्यंत सुमारे मीटरभर ती पट्टी गुंडाळून सुतळीने आवळा. टाकीच्या पुढच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या बाजूचं झाकण पूर्ण उघडा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. विडी, काडेपेटी, मोबाइलची घाई, सगळं लांब. डोकं आत वाकवायचं नाही, लहान मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. काठी सावकाश तळाला टेकवा, दोन-तीन मिनिटं धरा, जागच्या जागी एकदा फिरवा आणि हळू वर घ्या. टॉवेलच्या लूपमध्ये गाळाचे काळे कण अडकून राहतात. जिथपर्यंत टॉवेल काळा आणि वर करडा, तिथपर्यंत गाळ. रेघ इतकी स्पष्ट येते की पट्टी लावून मोजता येते. साध्या धोतराच्या फडक्यावर ती नीट उमटत नाही. मोजून झालं की पट्टी पुरून टाका आणि काठी उन्हात ठेवा.

टाकीत पाणी १.२ मीटर असेल तर गाळ ४० सेंटिमीटरपर्यंत आला की, म्हणजे एक तृतीयांश भरली की, गाडीला सांगा. वरचा तेलकट थर मोजायला काठीच्या टोकाला आडवी फळी ठोकून खालून वर ओढा. थर लागला की हाताला कळतं. थराचा तळ आणि बाहेर जाणाऱ्या पाइपला लावलेल्या टीचं (इंग्रजी T च्या आकाराच्या जोडाचं) खालचं तोंड यात चार बोटांहून कमी अंतर राहिलं असेल तर गाळ कमी असला तरी उपसावीच लागेल.

त्या टीकडे जाता जाता नाही, मुद्दाम बघा. बाहेर जाणाऱ्या पाइपला टी असते आणि तिचा खालचा पाय पाण्याच्या साधारण एक तृतीयांश खोलीपर्यंत उतरलेला असतो. तेलकट थर वर, गाळ खाली, ही टी मधलं पाणी उचलते. बांधताना ती बसवलेलीच नसते, किंवा गाडीवाल्याच्या पाइपच्या धक्क्याने गळून टाकीत पडते, आणि मग वरचा थर सरळ वाफ्यात. वाफ्याच्या तोंडाशी भाताची शितं, केस, प्लास्टिकचे तुकडे दिसले तर टी नाही असं खुशाल समजा. चार इंची पीव्हीसी टी आणि दीड फुटाचा तुकडा, एवढाच खर्च. टीच्या आत नायलॉनची जाळी गोल करून ठेवली तर आणखी बरं, पण मग ती दर महिन्याला काढून धुवावी लागेल. धुणार नसाल तर बसवू नका, तुंबली की टॉयलेटमध्ये उलट येतं.

टाकीला दोन कप्पे असतील तर पहिला एकूण लांबीच्या दोन तृतीयांश असतो आणि गाळ मुख्यतः त्यातच. दोन्ही कप्पे मोजा. दुसऱ्यात हातभर गाळ आला असेल तर मधल्या भिंतीच्या भोकाची जागा चुकलेली आहे किंवा पहिला कप्पा कधीचाच भरला आहे.

उपसण्याची वेळ थंडी ते मार्च. भर पावसात काळी माती फुगलेली असते आणि बाहेरून टाकीच्या भिंतीवर दाबते. आतून पाण्याचा आधार काढला तर भिंतीला चीर जाते आणि प्लास्टिकची तयार टाकी वर उचलली जाते. उपसून झालं की त्याच दिवशी पाण्याने भरा, तळाला वितभर गाळ मुद्दाम ठेवा. नवीन जिवाणू विकत आणायची गरज नाही, त्या गाळात हवे तेवढे असतात.

आत येणारा पाइप

वाफ्याच्या तोंडाशी आडवा भोकांचा पाइप असतो, पूर्ण रुंदीभर. त्याचं एक टोक दोन सेंटिमीटर जरी खचलं तरी सगळं पाणी त्या टोकाने जातं आणि तेवढ्याच खडीवर पूर्ण घराचा भार पडतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची लेव्हल बघा. गवंडी हे पाच मिनिटांत करतो. खाली मुरूम नीट न ठोकता पाइप टाकला असेल तर खचणारच.

भोकं १२ ते १६ एमएमची असावीत. ६-८ एमएमची भोकं महिन्या-दोन महिन्यांत बुजतात, त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार भर घालतात. टोकाची कॅप काढून वायरचा ब्रश ओढा. कॅप इथेही चिकटवू नका.

खडी खरंच चोंदलीय का

एवढं सगळं करून आठ-दहा दिवस थांबा. भार कमी झाल्यावर वाफा स्वतःहून सुधारतो, विशेषतः उन्हाळ्यात. तरी पाणी चढतंच असेल तर तीन जागी खडी हाताने बाजूला करून फूटभर खड्डे घ्या: तोंडापासून अर्ध्या मीटरवर, मध्ये आणि शेवटी. तिन्ही ठिकाणी पाण्याची पातळी मोजा. पहिल्या आणि मधल्या खड्ड्यात चार बोटांपेक्षा जास्त फरक असेल तर चोंदलेला भाग त्या दोघांच्या मध्येच आहे.

आता पहिल्या खड्ड्यातली ओंजळभर खडी काचेच्या बरणीत घाला, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि तासभर ठेवा. काळा, हलका, तरंगत राहणारा गाळ म्हणजे सांडपाण्याचा, हा कुजून जाऊ शकतो. तळाला घट्ट बसलेला राखाडी थर म्हणजे क्रशरची कच. बांधताना खडी न धुता भरली. काळी-तपकिरी, बोटांत गुळगुळीत लागणारी ती शेतातली माती. शेवटच्या दोघींवर धुण्याशिवाय उपाय नाही.

सांडपाण्याचा गाळ असेल तर आधी वाफ्याला विश्रांती द्या. दोन वाफे शेजारी-शेजारी असतील तर एक बंद करून एप्रिल-मेमध्ये दोन-तीन आठवडे सुकवा. सोलापूरचं ऊन इथे कामाला येतं. चिकट थर वाळून भुसभुशीत होतो. एकच वाफा असेल तर एल्बो निम्म्यापर्यंत उतरवून दहा दिवस ठेवा, तोंडाशी कर्दळ विरळ करा आणि वाळलेली पानं उचला. कर्दळ फुलून गेली की बुडापासून वितभर ठेवून कापायची आणि कापलेलं बाहेर न्यायचं. वाफ्यावर कडुनिंब असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत रोज झाडू मारावा लागेल, नाहीतर शेडनेट ताणा.

धुवावीच लागली तर पूर्ण वाफा उपसायची गरज जवळजवळ कधीच नसते. तोंडाकडचा पहिला १ ते १.५ मीटर पुरतो, कारण जवळपास सगळा गाळ तिथेच अडकतो. १.५ मीटर म्हणजे २.५ मीटर रुंदीला सुमारे सव्वादोन घनमीटर खडी. गमबूट, कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला मास्क. तळाला प्लास्टिकचा कागद असेल तर पहार, टिकाव बंद. शेवटची वीतभर खडी हाताने आणि घमेल्याने. काढलेली खडी चाळणीवर धुऊन आठ दिवस उन्हात पसरा आणि मधल्या काळात नवी धुतलेली खडी भरा, म्हणजे घराचं पाणी अडत नाही. धुतलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही. खड्ड्यात मुरवायचं, तोही बोअरपासून लांब, आणि वर माती टाकायची. परत भरताना तोंडाला मोठाच दगड. ‘बारीक खडी जास्त गाळते’ म्हणून तिथे बारीक खडी टाकणं म्हणजे पुढच्या वर्षीचं काम आजच ठरवणं.

धुऊन वर्षाच्या आत पुन्हा तीच जागा चोंदली तर वाफा अरुंद आहे. तोंडाच्या उभ्या छेदावर, म्हणजे रुंदी गुणिले पाण्याची खोली, दर चौरस मीटरला रोज २५० ग्रॅम बीओडीपेक्षा (सांडपाण्यातली घाण कुजायला जेवढा प्राणवायू लागतो ते माप) जास्त भार नको. टाकीतून पुढे येणारा माणशी ३० ग्रॅम धरला तर दहा माणसांचे ३००, छेद २.५ गुणिले ०.५ म्हणजे १.२५ चौरस मीटर, भार २४०. जेमतेम बसतं. त्याच घरात पंधरा माणसं राहायला आली तर ३६०, आणि मग कितीही धुवा. लांबी वाढवून उपयोग नाही, रुंदी वाढवावी लागते.

बाहेर पाणीच येत नाही

मेमध्ये २० चौरस मीटरच्या वाफ्यातून कर्दळ आणि ऊन मिळून दिवसाला १० एमएम, म्हणजे २०० लिटर सहज उडवतात. ८०० आलं तर ६०० बाहेर यायला हवं. काहीच येत नसेल तर गळती बघा. घरातले सगळे गावाला जातील तो दिवस धरा, आत येणारं पाणी बंद करा, एल्बो वर करा आणि खडीत रोवलेल्या पाइपच्या उभ्या तुकड्यात चोवीस तासांच्या अंतराने पातळी घ्या. खडीत पोकळी ४० टक्केच, म्हणून १० एमएम उडालं तर पातळी २५ एमएम उतरते. तीन सेंटिमीटरपर्यंत उन्हाचं, आठ-दहा सेंटिमीटर म्हणजे गळती. काळी माती उन्हात आकसून भेगाळते आणि भिंतीचा आधार सरकतो. भिंतीमागे दीड-दोन फूट मुरूम न भरता बांधलेले हौद असेच चिरतात. ही गळती थेट बोअरच्या पाण्याकडे जाते, तिला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ढकलू नका.

काय करायचं नाही

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर ओतून वास जात नाही, गाळ पचवणारे जिवाणू जातात. जड पाण्याचे डाग काढायला टाइलवर थोडं ॲसिड चालतं, अख्खी बाटली भांड्यात नाही. जिवाणूंच्या ‘कल्चर’ची पाकिटं भरलेल्या टाकीला रिकामी करत नाहीत. खडीत प्रेशर जेट मारल्याने तोंडाचा गाळ मधल्या खडीत जाऊन बसतो, तिथून काढणं तिप्पट काम.

कुठे थांबायचं

टाकीत उतरायचं नाही. रिकामी दिसली तरी नाही, दोर बांधून नाही, ‘दोन मिनिटांसाठी’ नाही. आतला गंधकाचा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाला साचतो आणि प्रमाण वाढलं की नाकाची वासाची जाणीवच मारतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नव्हे. कोणी आत पडला तर मागोमाग उडी मारणारा दुसराही जातो. वरून आरडाओरड करा, अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर बोलवा, झाकणं सगळी उघडा. आणि सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवून टाकी साफ करून घेणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग तो कितीही ‘रोजचा’ असो.

याशिवाय गाळ मर्यादेपुढे गेला की सक्शनची गाडी. पाइप टाकीपर्यंत पोचेल का आणि मैला प्रक्रिया केंद्रात नेणार की ओढ्यात, हे दोन प्रश्न आधी विचारा. टाकीच्या किंवा वाफ्याच्या भिंतीला चीर, तळाचा कागद फाटलेला, दुरुस्तीनंतरही गळतीची चाचणी नापास, किंवा बोअरच्या पाण्याला वास-रंग आला तर हात थांबवा. शेवटच्या बाबतीत त्याच दिवसापासून ते पाणी पिणं बंद आणि नमुना प्रयोगशाळेत. माणसं वाढल्यामुळे वाफा रुंद करायचा असेल तर तोही जाणकार अभियंत्याकडून मोजून घ्या.

फोन करताना वही हातात ठेवा: टाकीची लांबी-रुंदी आणि पाण्याची खोली, टॉवेलवरची गाळाची रेघ किती सेंटिमीटर, टी आहे की नाही, शेवटची उपसणी कधी, घरात माणसं किती, तीन खड्ड्यांतल्या पातळ्या आणि बोअर टाकीपासून किती फुटांवर.